चौदा वर्षांची बेकरीवाली

मोना चौदा वर्षांची आहे. पहाटे चार वाजता ती मावशीच्या बेकरीचं दार उघडते आणि आत जमिनीवर एका मुलीचं प्रेत पडलेलं असतं. टी. किंगफिशर यांच्या ‘अ विझर्ड्‌स गाइड टू डिफेन्सिव्ह बेकिंग’ या कादंबरीची ही सुरुवात. प्रेताच्या आधी माझं लक्ष गेलं ते पहाटेच्या चार वाजण्याकडे. बेकरीवर लिहिणाऱ्या पुष्कळ लेखकांना पाव सकाळी आठला काचेमागे आपोआप येऊन बसतो असं वाटत असावं. या बाईंना मात्र ठाऊक होतं की गावाला सातला पाव हवा असेल तर कुणाला तरी मध्यरात्री उठावं लागतं. पहिल्याच पानावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आमची बेकरी चिपळूणला, बाजारपेठेला लागून आहे. सासऱ्यांनी सुरू केली आणि आता मी आणि यजमान मिळून बघतो. रात्री साडेअकराला कारीगर मैद्याची पोती सोडतात. चारच्या सुमाराला पहिली लादी भट्टीबाहेर येते आणि साडेपाचला पाववाले मोटारसायकली घेऊन दारात उभे असतात. दुपारी दीड ते चार दुकान थंड असतं. हे पुस्तक मी गल्ल्यावर बसून त्या वेळात वाचलं. पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं पाठवलं होतं. तिला असली जादूची पुस्तकं फार आवडतात. मला तोवर त्यांची गोडी नव्हती. आमच्या लहानपणी युक्त्या लढवायच्या त्या फास्टर फेणेनं, खोड्या करायच्या त्या गोट्यानं. मुलींच्या वाट्याला बहुतेक वेळा त्यांच्या बहिणीची भूमिका यायची. त्यामुळे पन्नाशीच्या आसपास एका चौदा वर्षांच्या मुलीनं मला इतकं धरून ठेवावं, याचा मला मनापासून आनंद झाला.

टी. किंगफिशर हे टोपणनाव. खरं नाव अर्सुला व्हर्नन. अमेरिकेत त्या स्वतःच्या नावानं मुलांसाठी लिहितात, चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या ‘डिगर’ या चित्रमालिकेला 2012 साली ह्युगो पुरस्कार मिळाला होता. मोनाची गोष्ट 2020 साली आली आणि पुढच्या वर्षी तिला किशोरवयीन वाचकांच्या पुस्तकांसाठीचे आंद्रे नॉर्टन आणि लोडस्टार असे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले.

मोनाच्या जगात जादूगार असतात, पण प्रत्येकाची जादू एकेका गोष्टीपुरती. कुणाला वीज हाताळता येते, कुणाला पाणी. मोनाची जादू फक्त पिठावर चालते. भिजवलेलं पीठ, भाजलेला पाव, बिस्किटं, बस्स. एरवी तिचा उपयोग काय, तर कडा करपू द्यायच्या नाहीत, पाव शिळा होऊ द्यायचा नाही आणि गिऱ्हाइकांची पोरं खूश व्हावीत म्हणून आल्याच्या बिस्किटांची माणसं काउंटरवर नाचवायची. शहरातले बडे जादूगार सैन्याबरोबर लढाया जिंकतात आणि ही मावशीच्या हाताखाली पीठ मळते. आपल्या जादूची कुणी दखल घ्यावी असं तिला वाटतही नाही. तिला फक्त घाणा नीट उतरायला हवा असतो.

यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की मोना पिठाला हुकूम सोडत नाही, ती त्याची समजूत घालते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुलैत हवा इतकी दमट असते की मैदा पोत्यातच ओल धरतो. नेहमीच्या मापानं पाणी घातलं तर पीठ हाताला चिकटून बसतं. मेमध्ये तेच पीठ बघता बघता फुगून उतू जायला लागतं, म्हणून मळताना बर्फाचं पाणी घालावं लागतं. डिसेंबरच्या रात्री ते हलायलाच तयार नसतं. मग ट्रे भट्टीच्या उबेला सरकवून ठेवायचे आणि वाट बघायची. आमचे जुने कारीगर माप विचारलं तर हसतात. मळलेल्या पिठात बोट दाबतात, खळगा किती वेळात भरून येतो ते बघतात आणि ‘अजून नाही’ किंवा ‘चल, घे’ म्हणतात. भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकून तो किती वेळात तांबूस होतो यावरून ते आच ओळखतात. मोनाची जादू मला या बोटाच्या पुढची पायरी वाटली. पीठ मुळात जिकडे झुकलेलं असतं तिकडेच ती त्याला थोडं जास्त झुकवते. शिळ्या पावाला कडक व्हायचंच असतं. ती त्याला आणखी कडक होऊ देते, आणि मग त्या कडकपणाचा उपयोग होतो.

आणि बॉब! मोनाच्या बेकरीच्या तळघरात एका मोठ्या भांड्यात खमीर आहे, त्याचं नाव बॉब. लहान असताना मावशीनं तिला खमिराची राखण सांगितली होती. ते मरतंय असं वाटून ती घाबरली आणि असेल नसेल तेवढी जादू तिनं त्याच्यात ओतली. तेव्हापासून बॉब जरा जास्तच जिवंत आहे. तो भांड्याबाहेर हात पसरतो, उंदीर खातो, मोनावर माया करतो आणि बाकी कुणाला जवळ येऊ देत नाही. मी हे वाचून मोठ्यानं हसले तेव्हा दुकानात नानकटाई घ्यायला आलेल्या आजी दचकल्या होत्या.

सासरे होते तोवर आमच्याकडेही खमीर होतं. बाजारातलं यीस्ट सर्रास मिळायला लागल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. चिनीमातीच्या बरणीत आदल्या दिवशीच्या पिठाचा गोळा, त्यात रोज थोडा मैदा, थोडं पाणी. पिठातलेच सूक्ष्म जीव त्यात वाढतात, काही पीठ फुगवतात, काही आंबट करतात. खायला मिळालं नाही की वर करडं पाणी सुटतं आणि वास नाकात चढतो. सासरे रात्री बेकरीत पाऊल टाकल्या टाकल्या विचारायचे, ‘जागं झालं का?’ घरातल्या तान्ह्या मुलाची चौकशी करावी तसा त्यांचा सूर असायचा. बरणी कुणी हलवली तर त्यांना झाकण न उघडता कळायचं. बॉबवरची पानं लिहिणाऱ्या बाईनं आयुष्यात केव्हा तरी असं भांडं सांभाळलं असणार, याची मला खात्री आहे.

गोष्टीत पुढं काय होतं ते थोडं सांगावं लागेल. त्या खुनाचा आळ आधी मोनावरच येतो. शहरावर राज्य करणारी डचेस तिला सोडून देते, पण शहरातले छोटे छोटे जादूगार एकेक करून नाहीसे होत राहतात. ज्यांची जादू मामुली आहे, ज्यांच्यामागे कुणी उभं राहणार नाही, अशी माणसं. एक मारेकरी त्यांचा माग काढत फिरतो. मेलेल्या मुलीचा भाऊ स्पिंडल, रस्त्यावर वाढलेला, तोंडानं फटकळ, मोनाला भेटतो आणि दोघं शहरभर लपत राहतात. हा लपाछपीचा भाग थोडा लांबला आहे. मुख्य खलनायक इन्क्विझिटर ओबेरॉन मला सपाट वाटला. त्याला सत्ता हवी आहे यापलीकडे त्याच्याबद्दल फारसं कळत नाही. पण स्पिंडल जेव्हा जेव्हा तोंड उघडतो तेव्हा पान उजळतं.

शेवटी शत्रूचं भाडोत्री सैन्य शहरावर चालून येतं. आपलं सैन्य लांब गेलेलं. मोठे जादूगार एकतर मारले गेलेत नाहीतर दूर पाठवलेत. उरते ती मोना. मग ती काय करते? जे येतं ते करते. पिठाचे अवाढव्य सैनिक घडवते आणि भाजते. बिस्किटांची छोटी माणसं शत्रूच्या छावणीत घातपात करायला धाडते. बॉबला भरपूर मैदा खाऊ घालून तटावर नेते. हा सगळा भाग मी एका बैठकीत वाचला, आणि त्यातलं रणांगण मला एखाद्या दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या बेकरीसारखं वाटलं. मैदा किती आहे, लाकूड किती आहे, एवढा मोठा आकार मधून कच्चा न राहता कसा भाजायचा, कुणाला कुठं उभं करायचं, हे प्रश्न ती एकामागून एक सोडवत जाते. हुशार पोरगी म्हणजे काय ते इथं कळतं. ती घाबरलेली आहे, दमलेली आहे, रडते, आणि रडता रडता पुढचा ट्रे लावते.

पण हे पुस्तक मला आजन्म लक्षात राहील ते आणखी एका गोष्टीसाठी. मोना चिडलेली आहे. शत्रूवर तर आहेच, पण त्याहून जास्त ती आपल्याच मोठ्यांवर चिडलेली आहे. हे काम माझ्यापर्यंत आलंच का, असं ती विचारते. ज्यांच्या हातात सत्ता होती, पहारेकरी होते, खजिना होता, त्यांना काहीतरी चुकतंय हे दिसत होतं. डचेसला दिसत होतं; ती घाबरली, गप्प राहिली. प्रत्येकानं आपलं काम थोडं थोडं टाळलं आणि टाळलेलं सगळं काम गडगडत एका चौदा वर्षांच्या मुलीच्या पायाशी येऊन पडलं. तिनं ते केलं म्हणून ती वीर ठरली. लेखिका तिच्या वीरपणाचं मनापासून कौतुक करते आणि तिच्यावर ही वेळ आणणाऱ्यांना माफही करत नाही. ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही.

नॅकरिंग मॉली नावाची एक बाई या पुस्तकात आहे. मेलेल्या घोड्यांना चालवण्याची तिची जादू. एका घोड्याच्या सांगाड्यावर बसून ती शहरभर फिरते, लोक तिला वेडी म्हणतात. कधीकाळी तिलाही लष्करानं अशीच कामाला जुंपली होती आणि त्यातून ती जी मोडली ती मोडलीच. मोना मोठी झाल्यावर कशी होऊ शकते, ते लेखिकेनं मॉलीच्या रूपानं आपल्यापुढं उभं केलं आहे. मॉलीचा शेवट मी इथं सांगणार नाही. तिथं मात्र मला पुस्तक मिटून थोडा वेळ काउंटरवरची बिलं लावत बसावं लागलं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कारीगराची मुलगी होती. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पूर आला तेव्हा ती आठवीत होती. रात्रभर पाऊस कोसळत होता, वाशिष्ठीचं पाणी उजाडायच्या आत बाजारपेठेत शिरलं. बेकरीचं काम रात्रीचं, त्यामुळे तिचे वडील आमच्याकडे भट्टीवर होते. आम्ही पोती माळ्यावर चढवायला घेतली, तोवर पाणी गुडघ्याला लागलं. पोती तशीच टाकून सगळे वरच्या मजल्यावर पळालो. फोन बंद, वीज गेलेली. मुलीची आई गावाला होती. भाड्याच्या खोलीत ही मुलगी, तिची आजी आणि दोन लहान भाऊ.

तिनं काय केलं ते नंतर तिच्या आजीनं सांगितलं. भावांना तिनं आधी शेजारच्या इमारतीच्या जिन्यात नेऊन बसवलं. परत येऊन रेशनकार्ड, आधारकार्डं, भावांचे जन्मदाखले आणि आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या. पिशवी प्रेशर कुकरमध्ये ठेवली. रबर लावून झाकण बसवलं, शिट्टी घट्ट लावली आणि कुकरच्या दांड्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधून दुसरं टोक खिडकीच्या गजाला. मग शेजाऱ्यांना हाक मारून आजीला हाताला धरून बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर खोलीत फक्त चिखल होता. कुकर गजाला लटकलेला होता आणि आतले कागद कोरडे होते. पुरानंतरच्या पंचनाम्याला आणि मदतीच्या अर्जांना किती कागद लागतात, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच त्या कुकरची किंमत कळेल. गल्लीतल्या कितीतरी मोठ्या माणसांचे कागद वाहून गेले होते.

कुकर हा विचार मला सुचला नसता. मोनाला सुचला असता.

पुढे गणपतीत तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. भाषणात तिला रणरागिणी म्हटलं, झाशीच्या राणीचं नाव निघालं. मी पहिल्या रांगेत होते. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून शालीची किनार बोटांनी मोडत होती. पाणी वाढतंय हे लोकांपर्यंत वेळेत का पोचलं नाही, नदीकाठच्या खोल्यांमधल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना बाहेर काढायची जबाबदारी त्या रात्री नक्की कुणाची होती, हे त्या संध्याकाळी कुणी विचारलं नाही. ती वेळही नव्हती म्हणा. गाव पुरातून नुकतंच उठत होतं, सगळ्यांना काहीतरी चांगलं बघायचं होतं. नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले ते त्यानंतर. 2005 च्या जुलैत असाच मोठा पूर येऊन गेला होता, म्हणजे नदी काय करू शकते हे आम्हाला कुणी नव्यानं सांगायला नको होतं.

आपल्याकडे अशा मुलीला ‘गुणाची पोर’ म्हणतात. आई आजारी, हिनं स्वयंपाक केला, बाप दारूडा, हिनं भावंडं वाढवली, गुणाची पोर. हे कौतुक खोटं नसतं. पण त्यात एक सोय असते. एकदा पोर गुणाची ठरली की तिच्यावर आणखी चार कामं टाकायला सगळे मोकळे. आपल्या कायद्यालाही हे ठाऊक असावं. 2016 साली सुधारलेल्या बालकामगार कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाच्यांना संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात कामाला लावता येत नाही. आमच्या धंद्याचं अर्धंअधिक काम याच तेरा तासांत होतं. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावायला मात्र सूट आहे, म्हणजे मोना आमच्या गावात असती तर ती त्याच सुटीत बसली असती. पुरानंतर दोनएक महिन्यांनी कारीगरानं मुलीला कामावर घ्याल का म्हणून विचारलं होतं. घर नव्यानं मांडायचं होतं, त्याचंही चुकत नव्हतं. आम्ही त्याला उचल दिली, मुलीला नको म्हटलं.

आता ती कॉलेजात आहे. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःहून आली. दुपारची तीनएक तास पॅकिंगला बसते. खारी आणि टोस्टची पाकिटं भरता भरता मी तिला मोनाची गोष्ट सांगितली, रोज थोडी थोडी. बॉब तिला फार आवडला. आपल्याकडे का नाही ठेवत, म्हणून दोनदा विचारून झालं. स्पिंडलच्या बोलण्यावर ती खदाखदा हसली. सैन्य येतं तिथं मात्र तिचे हात थांबले.

‘काकी, तिची मावशी कुठं होती?’

मावशी भली होती, तिच्या पाठीशी उभी होती, पण शहर काही मावशीच्या हातात नव्हतं, असं मी सांगितलं.

‘आणि त्या डचेसला आधीपासून ठाऊक होतं?’

होतं, म्हटलं.

तिनं पाकिटाला सील मारलं, बाजूला ठेवलं. मग मोनाचाही शेवटी गौरव होतो हे मी सांगितलं तेव्हा ती एकदम म्हणाली, तिनं तो घ्यायलाच नको होता. सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं की हे तुमचं काम होतं.

मला हे पटत नाही. मोनानं शहर वाचवलं, ते तिच्या हातांनी वाचलं, आणि त्याचा मान तिच्या नावावर लागायलाच हवा. नाही घेतला तर उद्या तो डचेसच्या नावावर लागेल. असं होताना मी पुष्कळ पाहिलंय. बेकरीच्या पाटीवर अजूनही फक्त सासऱ्यांचं आणि यजमानांचं नाव आहे. ती म्हणते, मान घेतला की प्रश्न मिटतो, लोक टाळ्या वाजवून घरी जातात. मी म्हणते, मान घे आणि मग प्रश्न विचार, मानाच्या माणसाचा प्रश्न ऐकला जातो. ती म्हणते, काकी, तुम्ही पहिल्या रांगेत होता, कुणी ऐकलं असतं का?

पुस्तक सध्या तिच्याकडे आहे. इंग्रजी जड जातं, मोबाइलवर शब्द बघत बघत वाचते, पण नेटानं वाचते. काल ती लपाछपीच्या भागापर्यंत आली होती. शेवटाकडे पोचली की परत भांडू, असं तिनं मला बजावून ठेवलंय.